मर्फीचे पाच एमएल

पाच एमएल हो! पाच एमएल म्हणजे किती? चहाचा एक चमचा! एवढंसं पातळ औषध एका कुत्र्याच्या पोटात घालायचं, दिवसातून तीन वेळा, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल... म्हणा, खुशाल म्हणा, मीही म्हणत होतो, त्या मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत मीही असाच शहाणा होतो! त्यानंतर माझे तीन शर्ट गेले, एक कीबोर्ड गेला, हॉलच्या भिंतीवर माझ्या खांद्यापर्यंत पांढरे शिंतोडे उडाले, ऑफिसात शोभा झाली ती वेगळीच, आणि कुत्र्याच्या पोटात किती गेलं? विचारा ना किती गेलं! दोन दिवसांत सहा डोस, तीस एमएल, त्यातलं फार तर सात. बाकीचं मी, माझी बायको, माझी आई आणि सोफा, असं आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलं.

आणि ती नर्स! व्हेटकडची हो, जनावरांच्या दवाखान्यातली. तिनं मला करून दाखवलं. बिनसुईची सिरिंज घेतली, औषध ओढलं, मर्फीच्या गालफडाच्या बाजूनं आत सारली, अंगठा दाबला, संपलं. श्वास घ्यायला वेळ नाही! मर्फीनं वर तिचा हात चाटला. आणि मला म्हणते कशी, "देअर यू गो नाऊ, ही'ल बी ग्रँड!" ग्रँड! ह्या देशात सगळं ग्रँड असतं हो. पाऊस पडला, ग्रँड. ट्रेन चुकली, ग्रँड. पायावर दगड पडला तरी माणूस म्हणणार, आय'म ग्रँड, आणि लंगडत पबमध्ये जाणार. सात वर्षं झाली मला इथे, डब्लिनच्या पलीकडे, ॲथलोनमध्ये, एका टेलिकॉम कंपनीत आहे मी, सात वर्षांत मला एक माणूस असा भेटला नाही जो खांद्यावर हात ठेवून म्हणेल, ज्ञानेश, हे ग्रँड नाहीये, हे तुला झेपणार नाहीये. आधी सांगायला नको का माणसाला?

आता हा मर्फी म्हणजे कोण, ते ऐका, म्हणजे मी कशाशी झुंजत होतो ते कळेल. ग्रेहाउंड. शर्यतीतला कुत्रा, रिटायर झालेला. इकडे असे कुत्रे लोक दत्तक घेतात. माझी मुलगी इरावती, वय वर्षं दहा, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर येणार इंग्रजीत, तेही इथल्या हेलात, ती दोन वर्षं मागे लागली होती, "बाबा, प्लीज, ही हॅज नोबडी, लाइक!" मी म्हटलं मांजर घेऊ. मी म्हटलं मासे घेऊ. माझं ऐकतंय कोण? बायको, निवेदिता, ती म्हणाली, घे रे, शर्यतीचा कुत्रा आहे, तुला रोज पळवेल, पोट उतरेल. पळवेल? अहो, तो उठेल तेव्हा पळवेल ना! दिवसातले अठरा तास सोफ्यावर आडवा, बत्तीस किलो वजन, चार पाय चार दिशांना, आणि ज्यानं घर घेतलं, ज्यानं सोफा घेतला, तो कुठे? तो खाली गालिच्यावर, सोफ्याला टेकून.

त्यात माझी आई आलेली, कराडहून, तीन महिन्यांसाठी. निवृत्त मुख्याध्यापिका. आल्या दिवशी दारातच, "शी! कुत्रं घरात फिरतंय! आणि मर्फी कसलं नाव रे, आमच्याकडं रेडिओ होता मर्फीचा!" पंधरा दिवसांत काय चक्रं फिरली कुणास ठाऊक, बाई त्याच्या कपाळावरून हात फिरवत त्याला शाळेच्या गोष्टी सांगायला लागल्या. कुठला इन्स्पेक्टर आला होता, कुठल्या बाईंनी हजेरीपट लपवला होता... मला कधी सांगितल्या नाहीत त्या गोष्टी! आणि तो ऐकायचा. कान वर करून ऐकायचा, लबाड.

मग आईनं काढलं, जायच्या आधी नव्या घराचा सत्यनारायण झाला पाहिजे. झाला! गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, मध्येच नेट अडकायचं, गुरुजींचा हात वर तो वरच, आम्ही आपले अक्षता मुठीत धरून पाच-पाच मिनिटं बसलोय, टाकाव्यात की थांबावं? बावीस माणसं जेवायला. प्रसादाचा शिरा आईच्या हातचा, सव्वाच्या मापानं रवा, तूप, साखर, केळी, आणि बेदाणे! इथे ते केकच्या सामानात मिळतात, चांगले फुगीर, आईनं दोन पाकिटं ओतली. हे सगळं शनिवारी.

रविवारी सकाळी मर्फी ओकला. एकदा, दोनदा, पाचदा. मग पाणी ठरेना. मग उठेचना, आता न उठणं हा त्याचा धंदाच आहे, पण हे तसं नव्हतं हो, हाक मारली तर नुसते डोळे फिरवायचा. गाडीत घातला, गेलो व्हेटकडे. ती डॉक्टरीणबाई विचारते, द्राक्षं खाल्ली का ह्यानं, मनुका, बेदाणे, असलं काही? निवेदिता माझ्याकडे बघतेय, मी छताकडे बघतोय. आणि आई पुढे झाली, प्रार्थनेला उभी राहावी तशी ताठ, आणि म्हणाली, "यस. आय गेव्ह हिम प्रसाद. वन स्पून."

बेदाणे कुत्र्याला विष असतात हो! विष! मूत्रपिंडं जातात! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! चॉकलेट देऊ नये हे माहीत होतं, कांदा देऊ नये हे माहीत होतं, पण सत्यनारायणाच्या प्रसादानं कुत्रा मरतो हे कुणी लिहून ठेवलंय का पोथीत? दोन दिवस त्याला सलाइनवर ठेवला. सोमवारी संध्याकाळी घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाली, पोटाला आतून जखमा झाल्यात, हे औषध आतून लेपासारखं बसेल, तीन वेळा, रिकाम्या पोटी, अन्नात मिसळायचं नाही, मग तासाभरानं भात आणि उकडलेलं चिकन द्या. शुक्रवारी रक्त तपासू. तोवर तो खायला लागला नाही तर पुन्हा ॲडमिट, आणि मूत्रपिंडांचं म्हणाल तर... "वी'ल सी." बघू म्हणाली! ग्रँड नाही म्हणाली! सात वर्षांत पहिल्यांदा कुणी मला ग्रँड म्हणालं नाही!

आणि घरात काय? घरात इरावतीनं आजीशी बोलणं टाकलं. "शी पॉयझन्ड माय डॉग, बाबा." एवढंच. तीन महिने रोज सकाळी आजीकडून वेणी घालून घेणारी पोरगी, मंगळवारी केस तसेच मोकळे सोडून शाळेत गेली. आई कंगवा घेऊन जिन्यापाशी उभी. शनिवारी आईचं विमान. म्हणजे शुक्रवारपर्यंत कुत्रा जगवायचा आणि शनिवारपर्यंत नात आणि आजी बोलती करायची, आणि हे सगळं कशावर अडलंय? पाच एमएलवर!

मला राग आला होता, तुम्हाला सांगतो, तळपायाची आग मस्तकात! सगळ्यांवर! कुत्र्यावर, त्या नर्सवर, गुरुजींवर, केकच्या सामानावर... आणि आईवर. बोललो मी तिला. सगळ्यांसमोर बोललो. "कोणी सांगितलं होतं कुत्र्याला प्रसाद द्यायला? बावीस माणसं कमी पडली?" छत्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई, जिच्यासमोर चेअरमन उभ्यानं बोलायचे, ती पदरानं चष्मा पुसत बसली.

तर मंगळवार, साडेनऊ. निवेदिता ऑफिसला, इरा शाळेत, आई अंघोळीला. मी म्हटलं, मीटिंगच्या आधी उरकून टाकू. त्या नर्सनं केलं तस्संच केलं हो! गालफड, बाजू, अंगठा! त्यानं दात आवळले. असे आवळले, मला वाटलं बँकेची तिजोरी लागली. औषध दातांवरून पलीकडे गेलं, पलीकडून बाहेर आलं, आणि थेट कीबोर्डवर. आणि ते थेंब कुठे पडावेत? नेमके एंटरच्या बटणावर! मीटिंग सुरूच झाली हो! कॅमेरा चालू, माइक चालू, अकरा माणसं बघतायत, आणि मी गुडघ्यांवर, "उघड ना रे राजा! उघड ना! एकदाच उघड! मी पाया पडतो तुझ्या!" कॉर्कचा आमचा मॅनेजर म्हणतो, "यू'र ग्रँड, ज्ञानेश, टेक युअर टाइम." आणि एक नागपूरचा आहे त्यात, त्याला शब्दन् शब्द कळत होता, तो नालायक तोंडावर फाइल धरून हलत होता.

दुसऱ्या वेळी घेतलं त्यानं. आत गेलं, मी बघितलं, गळा चोळला, "शाब्बास मर्फ्या!" म्हणून टाळ्या वाजवल्या. तो शांतपणे उठला, सोफ्यावर चढला, स्वतःभोवती दोन फेऱ्या मारल्या, बसला, दहा मिनिटं माझ्याकडे बघत राहिला आणि मग गालातलं सगळं औषध, जसंच्या तसं, माझ्या उशीवर ठेवलं. ठेवलं! दहा मिनिटं तोंडात धरून बसला होता! म्हणजे गिळल्याचं नाटक करतो कुत्रा! मी माणसांच्यात एवढा नट बघितला नाही.

संध्याकाळी निवेदिता आली. प्रोजेक्ट मॅनेजर आहे ती. चौदा व्हिडिओ बघून आली होती, फ्रिजवर तक्ता लावला, वेळ, डोस, सही. म्हणाली, टॉवेलमध्ये गुंडाळायचा. बत्तीस किलो कुत्रा, त्यात अर्धे नुसते पायच, आणि आमचा सगळ्यात मोठा टॉवेल त्याच्या पाठीवर उपरणं टाकल्यासारखा! मग सुरू झालं. "मान वर कर!" "अगं वर नको, ठसका लागेल!" "गळा चोळ!" "बाजूनं रे, बाजूनं, समोरून नको सांगितलं ना!" "नाक धर त्याचं, तू लहान असताना मी नाकच धरायचे!" "बाबा, यू'र हर्टिंग हिम!" "कोण धरणारेय, तू धरणारेस की मी?" चार माणसं, चार सल्ले, एक तोंड, आणि ते बंद. मर्फी बिचारा ह्याच्या तोंडाकडे बघ, तिच्या तोंडाकडे बघ, शेवटी त्यानं अंग झाडलं. एकदाच झाडलं. ती भिंत त्या वेळची.

बुधवारी सकाळी आई म्हणाली, तुम्हाला कुणाला लेकरू पाजता येत नाही, सरका. आणि प्रेसमधून, प्रेस म्हणजे इथे कपाट, तिथून इराचं बोंडलं काढलं. चांदीचं! इराला ज्यातून गुटी पाजली ते बोंडलं! गालिच्यावर पाय पसरून बसली, आणि तुम्हाला सांगतो, तो बत्तीस किलोंचा घोडा तिच्या पायांवर आडवा झाला. डोकं गुडघ्यांवर. चारी पाय वर. आई त्याला थोपटतेय, गुणगुणतेय, मी बोंडलं भरून शेजारी उभा, म्हटलं जमलं, आता जमलं! आणि तो झोपला. घोरायला लागला. मी म्हटलं, आई, घाल ना! तर म्हणते, "झोपलेल्या लेकराला उठवू नये रे." मी म्हटलं, लेकरू? लेकरू आहे का ते? औषधाची वेळ टळतेय! "हळू बोल." एक तास बसली तशी. पायाला मुंग्या आल्या, दोघांनी धरून उठवली तिला. औषध? औषध बोंडल्यात.

आणि इरा शाळेतून आली की त्या दोघांना तसं बघायची, आजी थोपटतेय, मर्फी तिच्या पायाशी, आणि सरळ वर निघून जायची. मोकळे केस उडवत.

आता... तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही काही ऑफिसात जाऊन सांगणार नाही. मला ना, बेदाणे आवडत नाहीत. लहानपणापासून. फुगलेला बेदाणा दाताखाली आला की मला कसंतरीच होतं. पण प्रसादातलं काही टाकायचं नाही, हा आईचा कायदा. सेहेचाळीस वर्षांचा झालो मी, स्वतःचं घर, स्वतःचं टेबल, पण समोर आई बसलेली, टाकणार कुठे? आणि तेवढ्यात मांडीशी ते लांब नाक आलं. एक दिला. त्यानं घेतला, हळूच, नुसत्या ओठांनी. मग दुसरा दिला. मग आईनं आग्रह केला, घे रे, प्रसाद आहे, वाढला. प्रसादाला नाही म्हणता येतं का? पुन्हा आग्रह, पुन्हा वाढला. मी शिरा खातोय वर, आणि बेदाणे सगळे वेचून टेबलाखाली. मूठभर झाले असतील हो! त्याची जीभ माझ्या तळव्यावर, शेपूट माझ्या नडगीवर आपटतेय, आणि मला काय वाटलं माहितेय? मला वाटलं, वा, काय सोय झाली!

आईच्या चमच्यात किती बेदाणे असतील? दोन? तीन? आणि ती म्हणते, यस, आय गेव्ह हिम. आणि मी छताकडे बघतोय! आणि वर घरी येऊन तिलाच बोलतोय, बावीस माणसं कमी पडली का म्हणून! आता कळलं माझा राग कुठला होता? माझ्या ह्या हातून मूठभर विष खाल्लं हो त्यानं, शेपूट हलवत खाल्लं, आणि त्याच हातानं पाच एमएल औषध देतोय तर दात आवळतो! काय म्हणायचं ह्याला? कुणावर ओरडायचं?

बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघं पुन्हा त्याच्याभोवती ओरडत होतो, तेव्हा मागच्या दारातून डेक्लन आला. शेजारी आमचा, सत्तरीचा, जन्मभर मेंढ्या पाळल्या, आता गुडघे गेलेत. दोन मिनिटं दारात उभं राहून बघत होता. मग काही न बोलता सिरिंज घेतली, मर्फीच्या शेजारी उभा राहिला, एका हातानं मान, दुसऱ्यानं अंगठा... गेलं! पाचच्या पाच! ते मी सात म्हणालो ना, त्यातले पाच डेक्लनचे, उरलेले दोन आमच्या कष्टाचे. आम्ही चौघं तोंड उघडं टाकून उभे. म्हटलं, कसं? कसं केलंत? तर म्हणतो, "ये टॉक टू मच, द लॉट ऑफ ये." म्हणे तुम्ही फार बोलता. चौघं चार बाजूंनी बोलता, त्या कुत्र्याला कळत नाही नक्की कुणाला भ्यायचं. बोलू नका. एक शब्द बोलू नका. आणि गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी गॉलवेला, लेकीकडे, चार दिवसांसाठी. आम्हाला हे सांगून! मराठी घराला सांगून, की बोलू नका!

करून बघितलं हो आम्ही. गुरुवारी सकाळी ठरवलं, मौन. निवेदिता बोटानं दाखवतेय, इकडे, इकडे. मी मानेनं म्हणतोय, दिसतंय मला. आई श्वास रोखून. सात सेकंद झाली असतील, निवेदिता कुजबुजली, "अरे, मान..." संपलं! "मी बोलले नाही, मी कुजबुजले." "कुजबुजणं म्हणजे बोलणंच!" "मग तू आत्ता काय करतोयस?" औषध माझ्या बाहीत.

दुपारी घरात आई आणि मी दोघंच. मर्फीनं चार दिवसांत घासभर अन्न खाल्लेलं नव्हतं, बरगड्या मोजता येत होत्या. आईनं त्याचं डोकं धरलं, मी सिरिंज भरली, गुडघ्यांवर बसलो. शब्द नाही. नुसतं फ्रिजचं घुमणं. मर्फी माझ्याकडे बघतोय, आई माझ्याकडे बघतेय. सिरिंज आत सारली, अंगठा ठेवला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "आई, बेदाणे मी दिले गं. मूठभर. तुझे नव्हते ते, माझे होते." मर्फी दचकला, झटका दिला, पाच एमएल आईच्या चष्म्यावर.

आईनं चष्मा काढला. पुसला. म्हणाली, "मला ठाऊक आहे. समोरच बसले होते की. लहानपणी खिडकीतून टाकायचास, तेव्हापासून ठाऊक आहे." मी म्हटलं, मग दवाखान्यात स्वतःवर का घेतलंस? तुझी नात तुझ्याशी बोलेना! तर तशीच, पाढे शिकवल्यासारखी, "भर परत सिरिंज. मी शनिवारी जाणार. माझ्यावरचा राग माझ्याबरोबर विमानात बसून जाईल. तुझ्यावरचा ह्या घरात राहील, रोज जेवायला बसेल. पोरीला बाप लागतो. तू गप्प बसायचंस. भर." भरली. आणि त्या वेळी ते गेलं, सगळं गेलं, कारण मला बोलायला काही उरलंच नव्हतं. तासाभरानं मर्फीनं भात खाल्ला. दोन घास. आई म्हणाली, बघ.

आणि मी गप्प बसलो हो! लाज वाटते सांगायला, पण बसलो! मुख्याध्यापिकांचा हुकूम म्हणून बसलो, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मला सोयीचं होतं. पुन्हा सोय! शुक्रवारी रक्त तपासलं. मूत्रपिंडं शाबूत. डॉक्टरीणबाई म्हणाली, पोटासाठी औषध अजून दोन आठवडे चालू ठेवा, बाकी ही'ज ग्रँड, आणि त्या क्षणी तो शब्द मला इतका गोड लागला की मी तिच्या गळ्यात पडायचा बाकी होतो. इरा मर्फीच्या मानेला मिठी मारून रडली, हसली, निवेदिताला मिठी, मला मिठी, मला दोनदा! "यू सेव्हड हिम, बाबा!" आणि आजीच्या बाजूनं अशी निघून गेली, जणू तिथे खुर्ची ठेवलीय.

शनिवारी सकाळी बॅगा दारात. डब्लिनला जायला दीड-दोन तास, निघायची घाई, निवेदिता पासपोर्ट तपासतेय, मी मर्फीचा सकाळचा डोस भरतोय. आई जिन्यापाशी उभी. हातात कंगवा. इरा खाली उतरली, केस मोकळे, आजीच्या हाताखालून वाकून पुढे गेली.

काय झालं मला माहीत नाही. ओरडलोच मी! भरलेली सिरिंज हातात, "मी दिले! बेदाणे मी दिले! आजीनं दोन दिले, मी मूठभर दिले, टेबलाखालून दिले, मला आवडत नाहीत म्हणून दिले! आजी माझ्यासाठी खोटं बोलली! आणि दवाखान्यात मी गप्प बसलो आणि घरी येऊन मी तिला बोललो आणि तू काल मला दोन मिठ्या मारल्यास, आणि..." आणि सगळं औषध माझ्याच अंगठ्यानं माझ्याच शर्टावर. तो तिसरा शर्ट. निवेदिताचा हात पासपोर्टवर तसाच. आई म्हणाली, "सांगितलं होतं ना तुला, गप्प बस म्हणून." इरानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं हो. मी म्हटलं ओरड, काहीतरी फेक, कर काहीतरी! ती वळली, आजीसमोर पायरीवर बसली, आजीकडे पाठ केली, आणि मराठीत म्हणाली, "आजी, घट्ट घाल." मराठीत! आईच्या हातून भांग तीनदा वाकडा निघाला.

विमानतळावर दोघी एकमेकींना सोडेनात. आई गेली. आणि जो राग तिच्याबरोबर विमानात बसून जायचा होता ना, तो आमच्याबरोबर गाडीत बसून परत आला. मागच्या सीटवर, मर्फीच्या शेजारी, एक वेणी घालून.

आज सहा दिवस झाले. इरा बोलत नाही. निवेदिता म्हणाली, आईंना निघायच्या दिवसापर्यंत असं दोषी ठेवलंस, आता इराला वेळ दे, आणि एवढं बोलून तिनंही बोलणं थांबवलं. कराडला फोन केला तर आई म्हणाली, "हुकूम मोडलास ना? मर्फीला दे फोन." मर्फीला दिला. अर्धा तास बोलत होती त्याच्याशी.

आणि औषध? अहो औषधाचं काय विचारता! संध्याकाळी इरा येते, सिरिंज भरते, माझ्या हातात देते, मर्फीचं डोकं धरते. मी अंगठा दाबतो. सरळ आत, पाचच्या पाच एमएल, थेंब सांडत नाही, तोंडातून बाहेर येत नाही, हात चाटतो वर! डेक्लन परवा बघून गेला, म्हणाला, शिकलात की! शिकलो कसले... घरात माझ्याशी बोलतंय कोण!